माझं चालून झालंय

आक्का,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मांडव कमी पडला. तुझ्या ऑफिसातले लोक आले होते, गावाकडचे आले होते, ज्यांना तू रस्त्यात ओळख दाखवत नव्हतीस तेही आले होते. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगायला लागली. तेव्हा समोरच्या घरातल्या सुरेखावहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "रोज जरा चालल्या असत्या ना आक्का, तर आज आपल्यात असत्या."

मी हात काढून घेतला. त्यांना ते लागलं असणार.

वाक्य तर माझंच होतं. नांदेडहून फोनवर मी तुला वर्षानुवर्षं हेच ऐकवत आले. चाल गं आक्का, जरा चाल. तू "हूं" म्हणायचीस आणि टीव्हीचा आवाज वाढवायचीस. पण त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि अंगाची लाहीलाही झाली. तुझ्या चालण्याबद्दल बोलणाऱ्या या कोण, असं वाटलं. मग वाटलं, मी तरी कोण होते?

तू भांडण अर्धं टाकून कधी उठली नाहीस. खरं म्हणजे उठायचीच नाहीस तू. आता उठलीस ती कायमची, आणि माझं उत्तर माझ्याजवळच राहिलं. म्हणून हे लिहून राहिले.

तुला साखर निघाली तेव्हा तू नोकरीत होतीस. मी नांदेडहून आले होते, दवाखान्यात तुझ्याशेजारी बसले होते. डॉक्टर तरुण होता, नीट बोलणारा. म्हणाला, "मावशी, गोळ्या देतो, पण रोज चालायचं. हातात पिशवी नाही, काही काम नाही, नुसतं चालायचं."

"कुठं?" तू विचारलंस.

"कुठंही. मैदानावर गोल फिरा."

"गोल फिरून जायाचं कुठं?"

तो हसला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी शाळेत पीटी शिकवते हे त्याला सांगून झालं होतं. मी मान हलवली, बघते म्हणून. घरी आल्यावर गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसलीस, पदरानं कपाळ टिपलंस आणि म्हणालीस, "माझं चालून झालंय, नंदे."

मला तेव्हा राग आला. तुझ्या त्या वाक्यात किती रस्ता होता ते मला माहीत नव्हतं असं नाही. मी तिथंच होते ना. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या चाकूरकडच्या गावातली बाकीची घरं अगदी रिकामी झाली नव्हती, पण आपल्या वस्तीतलं एकही माणूस घरात नव्हतं. सगळे रस्त्याच्या कामावर. माय खडी फोडायची, तू पाट्या वाहायचीस. मी पोत्याच्या सावलीत दुसऱ्यांची लेकरं धरून बसलेली, स्वतःच लेकरू. खायला सरकारची सुकडी मिळायची, ती मी वाटीला चिकटलेली चाटून खायची. त्या दिवसांतला तुझा चेहरा मला आठवत नाही. तुझे पाय आठवतात. जुन्या टायरचे तुकडे सुतळीनं बांधलेले, आणि ती सुतळी घोट्यात रुतलेली.

पुढं त्याच रस्त्यानं आपण एसटीत बसून लातूरला जायला लागलो. मी खिडकीला नाक लावायची. तू डोळे मिटून घ्यायचीस. एकदा विचारलं तर म्हणालीस, "बघितलाय मी. जवळून बघितलाय."

दुष्काळ सरल्यावर तू परत शाळेत गेलीस. तुझ्याहून लहान पोरींच्या वर्गात बसलीस, मॅट्रिक झालीस. लग्नाचं कधी मनावर घेतलं नाहीस. त्या भांडणात मी आता शिरत नाही, त्यात मायच्या बाजूनं बोलायला माय पण नाही.

आणि मग लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी ऑफिसं, नवी टेबलं, भिंतींना ओल्या चुन्याचा वास. भरती निघाली आणि तू क्लार्क झालीस. खबर गावात गेली तेव्हा लोक विचारायचे, "पोरगी काय करती?" माय सांगायची, "खुर्चीवर बसती." एवढंच सांगायची. पगार नाही, हुद्दा नाही. खुर्चीवर बसती.

एक दिवस माय मला घेऊन लातूरला आली. तुला न कळवता. ऑफिसच्या दारात चपला काढायला लागली, शिपायानं सांगितलं, "राहू द्या, मावशी." आम्ही आत आलो. तू कागदांत मान घालून बसलेली. मायला बघून झटकन उठायला लागलीस, आणि माय तिथूनच म्हणाली, "उठू नको. बस. तशीच बस."

तू बसलीस. माय भिंतीला टेकून उभी राहिली आणि बघत राहिली. पाणी विचारलं तर नको म्हणाली. तुझ्या टेबलापुढं एक जमीनदार फेटा काढून उभा होता, सातबाऱ्याचं काहीतरी काम होतं त्याचं. तो आपल्या गावचा नव्हता, पण त्याच्यासारख्यांच्या रानात माय जन्मभर वाकली होती. तो उभा होता आणि तू बसली होतीस. बाहेर आल्यावर माय मला म्हणाली, "चल आता. झालं माझं." पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. डॉक्टर म्हणाला, शरीर झिजलं होतं. तिला साखर नव्हती, रक्तदाब नव्हता, अंगावर मांस नव्हतं. व्यायाम भरपूर झाला होता तिचा.

हे शेवटचं वाक्य तुझं आहे. माझ्या तोंडावर फेकलेलं. मी शाळेतल्या फळ्यावर लिहिते तसं तुला समजावत होते, की काम वेगळं आणि व्यायाम वेगळा, कामानं शरीर झिजतं आणि व्यायामानं टिकतं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "घाम दोन प्रकारचा असतो का?"

"असतो," मी म्हणाले. "एक दुसऱ्यासाठी, एक आपल्यासाठी."

"मंग मी आपल्यासाठी बसून राहिलेय."

तेव्हा खालून सुरेखावहिनी चालल्या होत्या. पांढरे बूट, साडीवर जाकीट, हात हलवत. रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारायच्या. त्यांचं सासर मोठ्या जमिनीचं, पोरांच्या शिक्षणासाठी लातूरला घर केलेलं. तू गॅलरीतून बोट दाखवलंस.

"ती बघ. तिची सासू कधी उंबऱ्याबाहेर पडली न्हाई. घरंदाज बाईनं रस्त्यावर चालू नये म्हून. अन् आपली माय कधी उंबऱ्याच्या आत टिकली न्हाई. आता शहरात आल्यावर तिला डाक्टरनं सांगितलं, चाल. मलाबी सांगितलं, चाल. तिला नवं हाय ते. तिला चालू दे. मी बसते."

मला त्यावर नंतर पुष्कळ सुचलं. शहरानं त्यांना बाहेर काढलं आणि तुला आत बसवलं, दोघींनाही जे मिळालं नव्हतं तेच मिळालं, आणि तरी साखरेला यातलं काहीच कळत नाही, ती घरंदाजाच्या रक्तात पण चढते आणि आपल्या पण. हे मी मनात जुळवून ठेवलं होतं. पुढच्या वेळी बोलू म्हणून.

पण मला पळायला कुणी शिकवलं, आक्का? ते मी कुणाला सांगितलं नाही. सहावीत मला खो-खोत घेतलं तेव्हा माय नाही म्हणाली होती. खुरपायला दोन हात कमी पडतात आणि ही उगं पळायला जाणार? तू लातूरहून कॅनव्हासचे बूट घेऊन आलीस. एक नंबर मोठे, बोटांत कापूस कोंबून घालायला लावलेस. वस्तीबाहेरच्या पांदीच्या वाटेवर मला उभं केलंस. मी विचारलं, "कुठपर्यंत पळू?"

"पळ उगं. कुणी बोलावलं न्हाई, कुणी मागं लागलं न्हाई. पळ."

मी पळाले. तिथून पळत पळत मी नांदेडच्या शाळेत पीटीची बाई झाले, शिट्टी गळ्यात घालून पगार घेते. तू मला जे दिलंस ते स्वतः कधी घेतलं नाहीस. मी ते परत द्यायला आले की तू दार लावून घ्यायचीस.

मग तो दुसरा दुष्काळ आला. तू रिटायर झाली होतीस. लातूरला रेल्वेनं पाणी आणायला लागले, सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. तुमच्या गल्लीत टँकर यायचा त्याचा काही नेम नव्हता. मी फोन केला, आक्का, नांदेडला ये, इथं नदी आहे, आटली असली तरी नळाला येतंय. तू आली नाहीस. "घर सोडून पाण्यामागं? ते एकदा झालं," म्हणालीस.

मग मीच आले. बघते तर तू खाली. पदर खोचलेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, कमरेवर दुसरी. साठीची बाई, गुडघे दुखणारी, साखरेची. टँकरपासून जिन्यापर्यंत सरळ चाललेली, थेंब न सांडता. अंगाला सगळं आठवत होतं. मी हात पुढं केला तर म्हणालीस, "बाजूला हो. तुला जमायचं न्हाई." आणि मी बाजूला झाले.

सुरेखावहिनी नळीजवळ भरलेली घागर घेऊन उभ्या होत्या. त्यांची पाठ धरली होती. तू वर येऊन परत खाली गेलीस, त्यांची घागर उचललीस आणि त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलीस. त्यांनी चहा केला. तू तिथंच बसून प्यायलीस.

परत आलीस तेव्हा तुझा आवाज बदललेला होता. गावात आपल्याला विहिरीच्या काठावर पाय ठेवता येत नव्हता. माय घागर खाली ठेवून वाट बघायची, कुणी दयेनं वरून ओतलं तर पाणी, नाही तर नाही. तू माझ्याजवळ बसलीस आणि हळू म्हणालीस, "माझ्या डोक्यावरचं पाणी तिच्या घरात गेलं, नंदे. ओट्यावर ठेवलं मी. तिनं त्यातलंच चहाला घेतलं." पदरानं मानेवरचं पाणी पुसलंस. "मायला सांगायला पाहिजे हुतं."

त्या उन्हाळ्यात तू त्यांचं पाणी रोज भरलंस. उपकार म्हणून नाही. मला वाटतं, ते जाताना बघायला तुला आवडत होतं.

आणि तुझी साखर उतरली. डॉक्टर रिपोर्ट बघून खूश. "मावशी, काय केलंत? सांगा तरी." तू म्हणालीस, "दुष्काळ आला." तो मोठ्यानं हसला. तुझा चेहरा तसाच. मग तो म्हणाला, "जे काय करताय ते चालू ठेवा." तू विचारलंस, "दुष्काळ?"

हे तू मला फोनवर सांगितलंस आणि मी लगेच म्हणाले, बघ आक्का, हेच मी सांगत होते, अंग हललं की साखर उतरते. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. पुढं बरेच दिवस तू फोन उचलला नाहीस. माझं म्हणणं चूक नव्हतं, अजूनही नाही. पण तीस-चाळीस वर्षं दूर राहून परत डोक्यावर घागर आलेल्या बाईला ते सांगायची ती वेळ नव्हती, एवढं मला कळतं. पाऊस झाला, नळ सुरू झाले, आणि तू वेताच्या खुर्चीत जाऊन बसलीस. साखर परत चढली.

दिवाळीनंतर तू आपण होऊन नांदेडला आलीस. रुसवा कुणी काढला नाही, तो वाटेतच पडला असावा. मला शाळेत सराव घ्यायचा होता, तू म्हणालीस मीबी येते. लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची मांडून दिली. मुली गोळाफेक करत होत्या.

"हे काय करून राहिल्यात पोरी?"

"गोळा फेकतात."

"अन् मंग?"

"मग आणतात. परत फेकतात."

"त्याचा पुढं रस्ता हुतो का?"

"न्हाई."

"भिंत? काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई, आक्का."

तू तोंडाला पदर लावून हसायला लागलीस. हसता हसता खुर्ची हलायला लागली. मग डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "आण बरं इकडं."

तू गोळा हातात घेतलास. जड म्हणाली नाहीस. तळहातावर फिरवलास, दगड पारखतात तसा. मानेजवळ कसा धरायचा ते मी दाखवायला गेले, तू ऐकलं नाहीस. दोन्ही हातांनी खालून झोका देऊन सोडलास. फार लांब गेला नाही. मातीत धप्पकन बसला. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मी सवयीनं टेप उचलला.

"मोजू नको," तू म्हणालीस.

मी थांबले. कामावर मुकादम पेटी ठेवायचा, फोडलेली खडी त्या पेटीत भरून मोजायची. पेटी भरली नाही की तो मायकडे बघायचा, आणि माय तुझ्याकडे. मी टेप गुंडाळून खिशात घातला.

मग तू फेकतच राहिलीस. स्वतः जाऊन आणायचीस, परत फेकायचीस. मुली दमून बसल्या, ऊन लिंबाच्या पलीकडं गेलं, तरी तू थांबेनास. दुसऱ्या दिवशी हात वर होईना. चहाच्या कपाकडं बघत म्हणालीस, "आंग लई दुखून राहिलंय." हे वाक्य मी तुझ्याकडून लहानपणापासून ऐकलं होतं. त्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं.

मला वाटलं, आता जमलं. तू लातूरला गेल्यावर फोन केला, "मग, फिरायला जातेस का?"

"न्हाई बाई."

"गोळा पाठवून देऊ का?"

"घरात कुठं फेकू? समोर सुरेखाच्या काचा हायत."

दोघी हसलो. पुढचं बोलणं राहिलं.

तू दुपारी गेलीस, त्याच खुर्चीत, चहा अर्धा पिऊन. सुरेखावहिनींना गॅलरीत तू दिसत होतीस, नेहमीसारखी. त्या कपडे वाळत घालता घालता तुझ्याशी बोलत होत्या. बरंच बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तू उत्तर देत नाहीस. हे त्या प्रत्येक भेटायला येणाऱ्याला सांगतात. सांगताना गॅलरीकडं बघत नाहीत.

मी तुझ्या घरात राहतेय, आवराआवर करायला. आवरत काहीच नाही. दुपारी जेवून आडवी झाले की खुर्ची करकरते. वेत उन्हानं ताणला जातो, मला माहीत आहे. तरी मी उठून बघते. एकदा धीर करून बसले तिच्यात. तुझ्या अंगाचा खळगा पडलेला आहे, माझं अंग त्यात मावत नाही, एका बाजूला घसरतं. आणि तरी उठवेना. खालून लोक चालले होते, त्यांना कुठंतरी जायचं होतं, आणि मला जायचं नव्हतं. कुणी बोलावणार नव्हतं. तू तिथं इतकी वर्षं काय करत होतीस ते मला तेव्हा पहिल्यांदा अंगानं कळलं. मी घाबरून उठले.

तुला सांगायचं होतं ते एवढंच होतं, आक्का. तू कामाला लागावंस असं मला कधीच वाटलं नाही. तू उरावीस असं वाटत होतं. ते मी साखर, गुडघे, मैदान अशा भाषेत बोलत राहिले, कारण मला तीच भाषा शिकवली होती. तू पण खुर्चीच्या भाषेत बोलत राहिलीस.

आज सकाळी सुरेखावहिनींनी बेल वाजवली. मांडवातल्या त्या दिवसानंतर आम्ही बोललो नव्हतो. म्हणाल्या, "ताई, घरात बसून डोकं फिरेल. चला माझ्यासंगं." मी गेले. मैदानावर धुकं होतं, चार-दोन माणसं मफलर गुंडाळून फिरत होती. मी आयुष्यभर चालायला शिकवलं, पण माझे पाय पुढं पडत नव्हते. त्या मागं राहिल्या, बुटाची नाडी बांधायला. मी सावकाश पुढं निघाले.

बऱ्याच वेळानं त्या धापा टाकत शेजारी आल्या. तोंड पांढरं पडलेलं.

"ताई, एक बोलू? तुम्ही मागून हुबेहूब आक्का दिसता. तोच डावा खांदा खाली, तसाच पाय टाकता. मला वाटलं..."

मला माहीत नव्हतं. चौदा जणींच्या रांगेत कुणाचा खांदा वाकडा आहे ते मी लांबून सांगते, माझा मला कधी दिसला नाही. आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. मग मी म्हणाले, "चला," आणि चालायला लागले, खांदा सरळ न करता.

म्हणजे शेवटी तू त्या मैदानावर आलीस, आक्का. माझ्या अंगात बसून आलीस. स्वतः एक पाऊल टाकलं नाहीस.